पाळीची भेग

"मोत्या, हा दगड काल बुडालेला होता ना बे?" शालूनं विचारलं.

"होता तर! त्याच्यावरच माझा गुडघा फुटला!"

आज तो दगड कोरडा ठणठणीत, अन् पाणी पार तळाशी!

दिवाळीच्या सुट्टीत जानेफळजवळच्या नव्या मातीच्या धरणात मनसोक्त पोहायचं, असा शालू, तिचा धाकटा भाऊ मोतीराम अन् शेगावहून आलेला आतेभाऊ इंद्रभान यांचा बेत होता. पाण्याबरोबर बेतही ओसरला. मासळीचा ठेकेदार भाऊराव यानं चौकीदाराला पटवून धरणाचं दार सताड उघडलं होतं. पाणी आटलं की मासे आयते! धरणाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, आतल्या अंगाला, पायथ्याच्या चिखलात, माणसं जाळं ओढत होती. त्यांत शालूचे बाबा शेषरावही होते.

"शालू, इकडे ये! पाळ उलली!" इंद्रभान वरून ओरडला.

माथ्यावर लांबच लांब भेग! मोतीरामनं ज्वारीचा धांडा घातला, तर अख्खा आत!

शालूला घरची विहीर आठवली. उन्हाळ्यात बाबांनी कच्ची विहीर इंजिन लावून एका दमात उपसली होती. पाणी होतं तोवर काठाला त्याचाच टेका होता. टेका गेला, अन् भिजून जड झालेला काठ धाडदिशी आत बसला.

"बाबा, वर या! पाळ बसते!"

शेषराव हसले. "येडे, भरलं धरण फुटते. रिकाम्याले काय धाड भरते?"

"अन् आपली विहीर?"

"विहीर वेगळी!"

"हाकला रे ह्या चिमण्या!" भाऊराव गुरकावला.

मोठ्यांना शहाणपण सांगावं तर कान बंद. लालूच दाखवावी तर सुपाएवढे! शालूनं बोंब ठोकली, "ठेकेदार, तुमची मासोळी दारातून पाटात चालली! लोकं टोपल्या भरून राह्यले!"

"हाव! एवढाली!" मोतीरामनं दोन्ही हात ताणले.

"एवढी मगर असते बे," इंद्रभान कुजबुजला.

"दार लावा! दार लावा!" भाऊराव पाळ ओलांडून पाटाकडे पळाला. मागून सगळे जाळेवाले, शेषराव, अन् पोरंही. चौकीदारानं घाईघाईनं दार लावलं. पाटात मासोळीचं नावही नव्हतं!

"कुठं हाय मासोळी?" भाऊरावनं मोतीरामचा कान धरला.

तेवढ्यात धप्प! पाळीची आतली कूस सरकली अन् जाळ्यासकट सगळा चिखल गाडून बसली. उरलेली पाळ तेवढी तग धरून राहिली. भाऊरावच्या हातून कान आपोआप सुटला.

संध्याकाळी धरणावर पाटबंधारे खात्याचे साहेब आले. दार एकदम उघडायचं नाही, पाणी हळूहळूच उतरवायचं, असं चौकीदाराला बजावून गेले.

घरी शेषरावांची आई, केसरबाई, चुलीपुढून उठली अन् शालूच्या ताटात तुपाची धार धरली.

"माय, पोरगी खोटं बोलली," शेषराव पुटपुटले.

"बोलली. तिच्या खोट्यात जेवढी अक्कल हाय, तेवढी तुह्या खऱ्यात नाही, शेष्या! उद्या पोरगी 'वर ये' म्हणली, तर चढजो. डोक्यात नाही शिरलं, तरी पाय हायेत ना तुले?"