टवका उडालेलं पोवळं

कल्पना गावंडे रडत आली नव्हती, रडून आली होती. डोळे सुजलेले, तोंडावर पाण्याचा हबका मारलेला आणि हातात पत्र्याचा चौकोनी डबा. पिरंगुटहून कोथरूडपर्यंत बसमध्ये तिने तो मांडीवरच धरला असावा.

"बसा," उत्कर्षा मोहोळकर म्हणाली. "स्वानंद, पाणी आण."

स्वानंद हा उत्कर्षाचा धाकटा दीर. बँकेतून रजा मिळाली की वहिनीच्या तपासात लुडबुड करायला हजर. माणूस सरळ, गाडी उत्तम चालवायचा, डोकं मात्र जरा सावकाश चालायचं. घरच्यांचं म्हणणं, गुप्तहेर बाईच्या घरात असा एक हवाच. नाहीतर तिने समजावून सांगायचं कुणाला?

कल्पनाने डबा उघडला. आत मखमलीवर सोन्याचं पाणी दिलेल्या दोन चांदीच्या वाट्या, काळ्या मण्यांची छोटीशी रास आणि मेण लावलेला लांब दोरा.

"हे मंगळसूत्र होतं. मी घडवलेलं. काल दुपारपर्यंत अख्खं होतं. आज सकाळी प्रदर्शनाचं सामान भरायला घेतलं, तर हे असं."

"गेलं काय?"

"यातले जुने मणी आणि दोन पोवळी. नवे मणी इथेच आहेत."

"आणि चांदी सोडून दिली?" स्वानंद म्हणाला. "चोर आंधळा होता की काय?"

उत्कर्षाने दोरा उजेडात धरला. तो एकसंध होता, कुठेही कापलेला नव्हता. गाठी सोडवलेल्या होत्या, त्यांच्या वळ्या मेणात तशाच राहिल्या होत्या.

"पोलीस हसतील मला," कल्पना म्हणाली. "पण मॅडम, तुम्ही माझे दागिने घेता, तुम्हाला माहितीय. आम्ही मूळचे अकोल्याचे. मिस्टर हिंजवडीला कंपनीत. चार वर्षं मी घरात बसून हाताने हे करतेय आणि प्रदर्शनात संडासाशेजारचा स्टॉल घेतेय, कारण दुसरा परवडत नाही. उद्याच्या दिवाळी प्रदर्शनात दिल्लीच्या मोठ्या मेळ्यासाठी कारागीर निवडायला लोक येतायत. त्यांनी फोटोत हेच मंगळसूत्र पसंत केलंय. इतके बारीक जुने मणी आता मिळत नाहीत. हे नसेल तर माझं दिल्लीचं गेलंच."

"मणी आणले कुठून?"

"घरमालकांनी दिले, कुशाबा ढमाल्यांनी. माळ्यावर एका डबीत पोवळ्यांसकट पडून होते. थोडे कमी पडले म्हणून मी त्यातल्या त्यात जवळचे नवे मिसळले. ओवलं रेश्माने, बाबांची सून. माझ्याकडे कामाला असते, हात फार सफाईदार आहे तिचा. एका पोवळ्याचा टवका उडाला होता. मी म्हटलं, टाकून दे. ती म्हणाली, असू द्या ताई, मागच्या बाजूला घेते, कुणाला दिसत न्हाई."

"कामाच्या खोलीला कुलूप?"

"काल दुपारी स्टॉलचं बघायला मी पुण्यात आले तेव्हा लावलं होतं. सकाळीही लावलेलंच होतं. दुसरी किल्ली मावशींच्या, म्हणजे बाबांच्या बायकोच्या, देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला असते." ती थोडी थांबली. "काल निघण्याआधी जुईली आली होती. पूर्वी आम्ही दोघी मिळून स्टॉल घ्यायचो. आता तिचा वेगळा आहे. बराच वेळ मंगळसूत्र हातात घेऊन बसली होती."

"सापडली!" स्वानंदने गाडीची किल्ली उचलली.

जुईली बावधनला राहायची. तिने दार उघडलं आणि कल्पनाला पाहून कपाळाला आठी घातली. सगळं ऐकल्यावर मात्र ती चिडण्याऐवजी हसली.

"हेवा वाटला मला, खोटं कशाला बोलू? पण चोरायचंच असतं तर मी वाट्या नेल्या असत्या. डिझाइन सगळं त्यांच्यात आहे. ते मणी घेऊन मी काय करू? बाजारात कोण विचारतं त्यांना?"

गाडीत स्वानंद म्हणाला, "फारच सफाईने बोलते, वहिनी."

"खरं बोलते," उत्कर्षा म्हणाली. "गाडी पिरंगुटला घे."

कुशाबा ढमाल्यांचं घर कारखान्यांच्या मागच्या अंगाला होतं. जमीन बरीच विकून झाली होती. उरलेल्या तुकड्यातलं इंद्रायणी भात कापून अंगणात वाळत घातलं होतं. ऑक्टोबरचं ऊन भाजून काढत होतं. पडवीत भिंतीवर एका तिशीतल्या तरुणाचा फोटो होता, त्याला चंदनी हार.

"जयसिंग, आमचा थोरला," कुशाबा म्हणाले. "टेम्पो चालवायचा. ताम्हिणीच्या घाटात धुक्यात गेला. दोन वर्सं झाली."

उत्कर्षाने हात जोडले. मग विचारलं, "बाबा, ती मण्यांची डबी कुणाची होती?"

"कुनाला ठावं? माळा साफ करताना घावली. ही पोरगी जुनं मनी हुडकत व्हती, म्हनलं घे, पडून तर हायेत."

लीलाबाई, कुशाबांची बायको, बाजूला तांदूळ पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं.

"कुटली डबी? कोनाला इचारून दिली तुमी?"

"आता डबीला काय इचारायचं?"

लीलाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं. नवऱ्याने घरातली वस्तू परस्पर दिली की कुठलीही बायको भडकणारच, असं स्वानंदच्या मनात आलं. त्याला घरचा अनुभव होता.

आतून रेश्मा बशा घेऊन आली. वय पंचविशीच्या आतबाहेर, चेहरा ओढलेला. एवढ्या उकाड्यात तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतला होता. बशी ठेवायला ती वाकली तसा तो सरकला आणि मानेपाशी पोलक्याच्या काठाला ताजा पिवळा डाग दिसला. तिने लगेच पदर सावरला.

"वा, साबुदाण्याची खिचडी!" स्वानंद खूश झाला.

"एकादस हाय आज," लीलाबाई म्हणाल्या. "समद्या घराला उपास. सकाळधरनं हेच शिजलंय."

"छान झालीय. पांढरीशुभ्र," उत्कर्षा म्हणाली. "रेश्मा, काल दुपारी तू कुठे होतीस?"

"घरातच. दळान करत व्हते."

"कल्पनाताईंच्या खोलीकडे कुणी गेलेलं दिसलं?"

"न्हाई."

"तू गेली होतीस?"

रेश्माने कल्पनाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. उत्कर्षाने बशी संपवली, उठून पडवीचं दार लोटलं. अंगणातून कुणी ऐकू नये इतपतच.

"मी बोलते ते या घराबाहेर जाऊ नये," ती म्हणाली. "चोराने चांदी ठेवली, नवे मणी ठेवले आणि जुने तेवढे निवडून नेले. त्यांना बाजारात किंमत नाही, जुईली बरोबर बोलली. म्हणजे नेणाऱ्याला ते विकायचे नव्हते. ते त्याचे स्वतःचे होते."

"पण डबी तर बाबांच्या माळ्यावर..." स्वानंद म्हणाला.

"ऐक तर. जुने आणि नवे मणी वरवर सारखेच दिसतात. वेगळे ओळखू शकतात दोघीच. कल्पनाताई आणि जिने ते ओवले ती. आता दोरा बघ. घाईतल्या चोराने कात्री चालवली असती. इथे एकेक गाठ सुईने सोडवलीय. गळ्यातल्या काळ्या मण्यांना बाई कात्री लावत नाही. प्रदर्शनातल्या वस्तूला लावेल. म्हणजे सोडवणारीला ही वस्तू वाटतच नव्हती."

उत्कर्षाने दोरा परत डब्यात ठेवला.

"टवका उडालेलं पोवळं कुठलीही चांगली कारागीर टाकून देईल. रेश्माने सांगितलेलं असूनही टाकलं नाही. तिने ते ओळखलं होतं. आणि शेवटची गोष्ट, हळद. मंगळसूत्र गाठवायला काढलं की गळा मोकळा ठेवत नाहीत. दोऱ्यात हळकुंड बांधून घालतात, मणी ओवून परत गळ्यात आले की मगच ते काढायचं. आज या घरात एकादशी आहे. खिचडीत हळद पडत नाही. मग हिच्या मानेवर ती आली कुठून?"

"पण वहिनी, रेश्मा तर..." स्वानंद बोलता बोलता थांबला. त्याची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली होती.

रेश्माने पदर खाली घेतला. गळ्यात पांढरा दोरा होता, दोऱ्याला हळकुंडाचा तुकडा.

"मी चोर न्हाई, ताई," ती कल्पनाला म्हणाली. "ओवताना ते पोवळं हातात आलं. लग्नात मांडवातच मंगळसूत्र ह्यांच्या हातनं पडलं व्हतं, फरशीवर आपटून टवका उडाला. समदी म्हनली बदलून घ्या. हे म्हनले, ऱ्हाऊ दे, हरवलं तर वळखू येईल." तिने हळकुंड मुठीत धरलं. "तुमचं काम म्हनून ओवून दिलं. पर ते दुसरीच्या गळ्यात जायाचं, ह्ये सोसंना. काल मनी काढले. ओवाय निवांतपना घावंना. मग गळा मोकळा कसा ठिवू? आपसूक हळकुंड घेतलं, बांधलं. बांधल्यावर ध्यानात आलं, माजा गळा दोन वर्सं मोकळाच हाय."

कल्पना दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली. स्वानंदलाही कुठे बघावं कळेना.

रेश्मा सासूकडे वळली. "आई, तुमी म्हनला व्हता, मनी मुळा नदीच्या पान्यात सोडले."

लीलाबाई भिंतीला टेकल्या. "गेले व्हते सोडाया. कमरंपतुर पान्यात उतरले. मूठच उघडंना. माज्या लेकानं बांधलेलं येवढंच उरलं व्हतं. तुज्या गळ्यातनं तोडताना माजा हात थरथरला न्हाई गं रेश्मा, आन् पान्यात टाकताना मूठ उघडंना. डबीत घालून माळ्यावर दडवले."

"मला कुनी सांगितलंच न्हाई," कुशाबा पुटपुटले. म्हातारा हातातलं मुंडासं नुसतं चुरगाळत राहिला.

रेश्मा आत गेली आणि रुमालाची पुरचुंडी घेऊन आली. कल्पनासमोर ठेवली. "आत्ता ओवून देते, ताई. उद्याच्याला न्या. तुमची दिल्ली नगं बुडाया."

कल्पनाला ती पुरचुंडी हवी होती. तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. चार वर्षं झिजली होती ती. तिने हात पुढे केला, रुमालाच्या गाठीवरून बोटं फिरवली आणि पुरचुंडी परत रेश्माकडे सरकवली.

"नाही गं. हे विकायचं नाही. उद्या नुसत्या वाट्या मांडेन." मग तिने आपल्या पिशवीतून सुई आणि मेणाचा खडा काढून पुरचुंडीशेजारी ठेवला.

कल्पनाची दिल्लीसाठी निवड झाली नाही. निवडणाऱ्यांनी मखमलीवरच्या नुसत्या वाट्यांकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि ते पुढच्या स्टॉलकडे गेले. पुढच्या वर्षी ती पुन्हा संडासाशेजारच्या त्याच कोपऱ्यात बसली. पण ही सगळी नंतरची गोष्ट.

त्या दुपारी उत्कर्षा आणि स्वानंद चपला घालत होते. आपलं बिंग फुटलं, आता हा सोंगाचा दोरा कशाला, असं वाटून रेश्माने हळकुंड काढायला मानेमागे हात नेले.

लीलाबाई उठल्या. भिंतीचा आधार घेत तिच्यापर्यंत आल्या आणि त्यांनी सुनेची दोन्ही मनगटं धरली.

"थांब," त्या म्हणाल्या. "आदी मनी ओव. तवर गळा मोकळा ठिवायचा नसतो."