पुन्हा उतरलेली साखर

शिरेतून ग्लुकोज जात असतानाही कौशल्याबाईंची साखर पुन्हा उतरली, तेव्हा डॉ. कस्तुरी यांना पहिल्यांदा संशय आला. उपासाने माणूस गळून जातो. त्याची साखर अशी हट्टाने उतरत राहत नाही. मधुमेहाच्या एखाद्या गोळीने एवढे होणे शक्य होते, पण अवघड. पुष्कळ गोळ्यांनी ते सहज झाले असते.

द्वादशीच्या दुपारी बाई गेल्या. १९९६ साल होते, आणि राजाजीनगरातल्या या कुटुंबाच्या डॉक्टर कस्तुरीच होत्या.

शवविच्छेदन आणि अंत्यसंस्कार उरकल्यावर सब-इन्स्पेक्टर विश्वेश्वर घरी आला तो सुनेला, सौम्याला, अटक करायला. तक्रार मुलाची होती. पद्माकर मुंडन केलेल्या डोक्याने भिंतीला टेकून बसला होता. देवघराला कडी होती आणि दारात त्याची आत्या बसली होती. सुतकात आत कोणी जायचे नव्हते.

"आईला गोळ्या हीच द्यायची," पद्माकर म्हणाला. "एकादशीला उपाशीपोटी गोळी द्यायची नाही, एवढी अक्कल हिला कुठली?"

"मी सौम्याला तसं बजावलं होतं," कस्तुरी म्हणाल्या. "सौम्या, त्या दिवशी गोळी दिलीत?"

"नाही, डॉक्टरअक्का. एकादशीला आई पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. स्वल्प पाणी घ्या म्हटलं तरी रागवायच्या. गोळी गिळणार कशी?"

"म्हणजे तोंडात काहीच गेलं नाही?"

"तीर्थ तेवढं. त्यानं उपास मोडत नाही."

"पूजा कोणी केली?"

"यांनी. एरवी तिकडे बनशंकरी भागात त्या बाईकडे असतात. पूजेला मात्र न चुकता येतात."

"तोंड आवर," आत्या म्हणाली.

कस्तुरी पद्माकरकडे वळल्या. "तीर्थ तुम्हीही घेतलंत?"

"घेतलं. मला काही झालं नाही. तीर्थानं माणसं मरतात, असं तुमच्या कॉलेजात शिकवतात वाटतं?"

"एकाच भांड्यातलं?"

"आईचा हात थरथरायचा. तिला वाटीतून दिलं."

"ती वाटी कुठंय?"

पद्माकरची नजर कडीकडे गेली. विश्वेश्वरने ती टिपली.

"गोळ्यांची पूड पाण्यात विरघळत नाही," कस्तुरी म्हणाल्या. "केशर-वेलदोड्याच्या तीर्थात ती कळली नाही, पण थोडी तळाशी राहिली असणार. सुनेच्या हातची गोळी बाईंनी त्या दिवशी थुंकून टाकली असती. देवाचं तीर्थ नाही. पूजेची भांडी मडीत, म्हणजे सोवळ्यात, असल्याशिवाय कोणी शिवत नाही, म्हणून पद्माकरना वाटी धुवायची घाई नव्हती. द्वादशीच्या पूजेआधी स्वतःच घासली असती. पण पहाटे सौम्याला सासू बेशुद्ध दिसली, तिनं मला फोन केला, आणि पूजा राहिली. मग सुतक लागलं, आत्याबाईंनी कडी घातली. एवढ्या धार्मिक माणसाला आत जायला निमित्तच उरलं नाही."

"पण का?" विश्वेश्वरने विचारले.

"घर कौशल्याबाईंचं, आणि त्या सुनेच्या बाजूच्या. त्या गेल्या आणि सून तुरुंगात गेली, की बनशंकरीची बाई इथं आणायला हे मोकळे."

"स्वल्प बाजूला व्हा, अक्का," विश्वेश्वर आत्याला म्हणाला. आत्याने एकदा भाच्याकडे पाहिले. मग उठून कडी काढली.

चांदीच्या वाटीच्या तळाशी पांढरट थर वाळला होता. "सरी, ठीक आहे," विश्वेश्वर पद्माकरला म्हणाला, "ही प्रयोगशाळेत जाईल. तुम्ही माझ्याबरोबर चला."

पद्माकरने सौम्याकडे पाहिले नाही. "तिला त्रास नसेल झाला," तो डॉक्टरांना म्हणाला. "झोपेतच जातं ना माणूस?"

कस्तुरींनी सवयीप्रमाणे नेमके उत्तर दिले.

"नाही. घाम फुटला, झटके आले. ग्लुकोज दिल्यावर एकदा शुद्धीवर आल्या. पद्मूनं पारणं केलं का, एवढंच विचारलं. मग साखर पुन्हा उतरली."