तिसगावचं मडकं

मी ऑइल इंजिनं विकतो. इंजिन बंद पडलं की त्याला कारण असतं, यावर माझं पोट चालतं. डिझेलमध्ये पाणी, नाहीतर फिल्टरमध्ये कचरा. देवाचा कोप आजवर एकाही इंजिनात निघालेला नाही. तेव्हा पुढचं ऐकताना मला भोळसट समजू नका.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. तिसगावच्या पुढचा पाझर तलाव तळापर्यंत आटला होता. आम्हा नगरच्या हौशी मोटारवाल्यांना त्यात दुष्काळ दिसला नाही, सपाट मैदान दिसलं. चुन्याच्या फक्क्या टाकून मोठा लंबगोल आखला आणि रविवारची शर्यत ठरवली. एकेका गाडीने एकटीने पळायचं, तीन फेऱ्या, ज्याला वेळ कमी लागेल तो जिंकला.

सावेडीला आमच्या घरी या सगळ्याला 'थेरं' म्हणत. म्हणत म्हणजे अण्णा म्हणत, माझे वडील. निवृत्त मुख्याध्यापक. मुलाने प्रोफेसर व्हावं ही त्यांची इच्छा, आणि मुलगा निघाला कोपरापर्यंत ग्रीसने बरबटलेला. मी जुनी फियाट घेतली तेव्हापासून ते तिच्यात एकदाही बसले नव्हते. उभ्या जन्मात त्यांनी मला शाब्बास म्हटल्याचं आठवत नाही. आणि मला ते हवं होतं. तिशी उलटली तरी हवं होतं, त्यात लाज कसली?

त्या रविवारी सकाळी मी गाडी पुसतोय तर अण्णा टोपी-उपरणं घालून फाटकाशी उभे.

“चल,” म्हणाले, “बघू तरी काय दिवे लावतोस ते.”

मला इतका आनंद झाला की किल्ली हातातून पडली.

तिसगावात पोचेपर्यंत बंपरला टांगलेली पाण्याची छागल उसवून रिकामी झाली होती. फियाटचा रेडिएटर भलता तापट, गाडीत पाणी हवंच. बाजाराच्या टोकाला एक म्हातारी कुंभारीण माल मांडून बसली होती.

“एक मडकं द्या, आजी.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “एकच? कोन गेलं?”

“कोण जाणार? गाडीला पाणी पाजायचंय.”

“एकलं मडकं कुनी नेत न्हाई, बाबा. संगं पणती तरी ने.”

“धंदा बरोबर कळतो हिला,” मी अण्णांना म्हणालो. अण्णा हसले नाहीत. “घे रे पणती,” म्हणाले. मी घेतली नाही. उगाच एकेकाच्या खुळाला किती मान द्यायचा?

तलावावर टँकरवाल्याला चहा पाजून मडकं भरून घेतलं. अण्णांनी स्वतःच्या उपरण्याची चुंबळ केली आणि मागच्या सीटवर, बरोबर माझ्या खांद्यामागे, ते नीट बसवून दिलं. त्यांनी माझ्या गाडीला हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. चिखल वाळून त्याचे पापुद्रे सुटले होते, त्यात शिंपले आणि खेकड्यांच्या नांग्या. कुजक्या शेवाळाचा वास येत होता. सावली म्हणाल तर एकाच ठिकाणी, लंबगोलाच्या मधोमध, उंचवट्यावरच्या वाळक्या बाभळीखाली. माझा मित्र सुमंत अण्णांना तिथे घेऊन गेला, खुर्ची मांडून दिली आणि त्यांच्याजवळ थांबला.

माझ्या आधीची गाडी पळत होती. अण्णांनी बोटाने हवेत तिची वाट गिरवली.

“शाम, उलट्या फेऱ्या आहेत रे या.”

“बांधावरून उतरलं की डावीकडे वळणं सोपं जातं, अण्णा. तेवढंच.”

“असेल,” ते म्हणाले. मग माझ्या शर्टावरची धूळ झटकून म्हणाले, “जा. सांभाळून चालव.”

झेंडा पडला.

पहिला गिअर, दुसरा, तिसरा. तळपायातून इंजिन वर चढलं. वळणावर मागची चाकं सरकली, मी सरकू दिली आणि अगदी पडता पडता गाडी ओढून घेतली. अहाहा! वेगात डोक्यातली सगळी माणसं गप्प होतात, म्हणून मला वेग आवडतो. डावीकडे बाभूळ फिरत होती. खुर्चीत अण्णा दिसले. मान छातीवर.

झोपले! मुलगा जीव तोडून पळतोय आणि हे झोपले! मला असा संताप आला की मी पाय आणखी दाबला.

फेरी संपता संपता खांद्यामागे खट् झालं. खडा उडून आत आला असणार. मानेवर पाणी उडालं, मग शर्टाच्या पाठीवर बारीक धार लागली.

दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर समोर धुळीत एक ओली रेघ दिसली. गाडीचा पत्रा खालून सडलेला होता, तिथून पाणी गळत गेलं असणार. सबंध वळणभर गेली होती ती रेघ, कुठेही न तुटता. एवढ्याशा मडक्यात एवढं पाणी कसं, असा विचार मनात आला आणि मागे पडला.

बाभळीखाली अण्णा आता उभे होते. शेजारी सुमंत फडकं हलवत होता. मला वाटलं, जोर देतोय.

पुन्हा खट्. त्याच जागी.

तिसरी फेरी. अण्णा चुन्याच्या रेघेपर्यंत आले होते. उन्हात, बोडक्या डोक्याने. टोपीशिवाय मी त्यांना कधी बाहेर पाहिलं नव्हतं.

त्यांनी उजवा हात वर केला. ओठ हलले. इंजिनाच्या त्या आवाजात काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

मला ऐकू आलं. “शाब्बास.”

खट्. आणि मडकं माझ्या पाठीमागे पडून फुटलं.

मी मागे वळून पाहिलं नाही. शर्यतीत पाहत नाहीत.

रेघ ओलांडली तर टाळी नाही, शिट्टी नाही. सगळे बाभळीकडे धावत होते. सुमंत माझ्याकडे येत होता. त्याच्या हातात अण्णांची टोपी होती.

“शाम्या, झेंडा पडला आणि अण्णांनी मान टाकली रे. फडकं हलवून दमलो, तू थांबेचना.”

“पण ते उभे होते. इथे. रेघेपाशी.”

“खुर्चीतून हललेच नाहीत, शाम्या. मी धरून होतो त्यांना.”

खापऱ्या मी गोळा केल्या. खडा एकच सापडला, काळा, बोराएवढा. का कोण जाणे, खिशात टाकला.

संध्याकाळी अमरधामात अग्नी दिला. गुरुजींनी पाण्याचं मडकं माझ्या खांद्यावर ठेवलं. मी डावीकडून निघालो. एक फेरी झाली, गुरुजींनी मडक्याला दगड मारला. पाणी आलं नाही. दुसऱ्या फेरीला त्यांनी जोरात मारला. नाही. तिसऱ्या फेरीनंतर मी मडकं पाठीमागे सोडलं. ते जमिनीवर आपटलं, घरंगळत गेलं आणि अख्खं राहिलं.

गुरुजी माझ्या कानाशी वाकले.

“शामकांत, हे आज आधी कुठे झालंय का?”

मी खिशात हात घातला. खडा अजून ओला होता.