मोजलं नाही

हवामान-नोंदींच्या संग्रहाच्या कचेरीत मी चुकून त्याच्या खोलीत शिरले. नोंदी जमा करायची खिडकी शेजारी होती. हातात पेनड्राइव्ह होता, त्यात बाबांच्या तळ्याचं बावीस वर्षांचं तापमान.

"बरोबर आलात," तो म्हणाला. "आधी मीच तपासतो. मी नियमावर बोट ठेवून अडवलं की संग्रहात प्रवेश नाही. म्हणून सगळे शास्त्रीबुवा म्हणतात मला."

बाबांनी नकाशावर तळ्याच्या चाळीस चौकटी आखल्या होत्या. दर सोमवारी होडीतून जाऊन ते प्रत्येक चौकटीत तापमापक सोडायचे. आता ते नव्हते, आणि मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

तीन दुपारी तो मला शिकवत बसला.

"हे एकवीस म्हणजे काय?"

"तापमान."

"ते तुम्हाला माहीत. फाइलला कुठे माहीत? एकक लिहा. दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे, तेही लिहा."

"फारच मठ्ठ फाइल आहे!"

"मठ्ठ नाही हो... अनोळखी आहे. अनोळखी माणसाला सगळं नीट सांगावं लागतं." एवढं बोलून त्याचेच कान लाल झाले.

मी हसले, आणि लगेच पडद्यावरच्या शेवटच्या ओळींवरून नजर काढली.

शेवटचे चौदा आठवडे बाबा अंथरुणावर होते. "तळ्यावर जाऊन आलीस ना?" दर सोमवारी विचारायचे. त्यांना एकटं सोडून कुठली जाणार मी? स्वयंपाकघरात बसून मी आकडे रचायचे आणि त्यांना वाचून दाखवायचे. ते समाधानाने डोळे मिटायचे. हे सांगितलं तर बावीस वर्षांवर संशय येईल. नाही सांगितलं तर माझ्या खोट्यावर याची मंजुरी पडेल... याची!

तिसऱ्या दिवशी संगणकाच्या तपासणीत सगळं हिरवं आलं.

"शेवटचे आठवडे तर नमुनेदार," तो म्हणाला. "मंजुरी उद्या देतो."

"देऊ नका. ते आठवडे... मी रचलेत."

माऊसवरचा त्याचा हात थांबला.

"सगळंच बाद होईल का?"

"मला तीन दिवस सांगितलं नाहीत," तो हळूच म्हणाला. मग कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "न मोजलेल्यासाठी नियमात वेगळी खूण आहे. चौदा आठवड्यांच्या पाचशे साठही नोंदींत तीच टाका. शून्य नको, नाहीतर तळं गोठलं समजतील. आणि फाइलच्या इतिहासाच्या ओळीत कारण लिहा. खरं."

मी लिहिलं: निरीक्षक आजारी. मोजलं नाही. मुलीने रचलेले आकडे काढून टाकले. अक्षरं धूसर झाली.

"रागावलात?"

"हो." तो खिडकीबाहेर बघत होता. "पण मी तरी कुठला मोठा साधू? तुमचा नकाशा उलटा पडलाय. उत्तरेचे आकडे दक्षिणेला गेलेत. तपासणीत ते कळत नाही. मला कालच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काम संपलं असतं... तुम्ही परत कशाला आला असता?"

भीतीने माझे हात अजून गार होते. त्यातला एक मी त्याच्या हाताशेजारी ठेवला.

"सरळ करायला किती वेळ लागेल?"

"एक ओळ. दोन मिनिटं."

"तुम्हाला," मी म्हणाले. "मी नवशिकी आहे. मला फार दिवस लागतील."