फरकाची मर्यादा

“घरगुती इंटरनेटवर मासिक मर्यादा आली तर सामान्य माणसाचं काय बिघडेल? माझं उत्तर आहे, काहीही नाही,” डॉ. ओवी बेलसरे म्हणाली आणि तिने टेबलावरची पांढरी पेटी सर्वांना दिसेल अशी वळवली.

नागपूरच्या दूरसंवाद परिषदेत आज अंतिम सुनावणी होती. विदर्भात आणि कोकणात वर्षभर चाललेला मर्यादेचा प्रयोग राज्यभर कायम करायचा की नाही, हे ठरायचं होतं. ओवी ही पेटी बनवणाऱ्या गटाची प्रमुख होती. समोर ग्राहकांच्या बाजूने संख्याशास्त्रज्ञ रझिया मुजावर बसल्या होत्या. मूळच्या मिरजेच्या, आणि तिखट जिभेबद्दल परिषदेत प्रसिद्ध.

“हिला आम्ही अंदाजपेटी म्हणतो,” ओवी सांगू लागली. “तुम्ही रोज ज्या माणसाशी बोलता त्याचा चेहरा, आवाज, बोलायच्या लकबी ही पेटी शिकते. तो पुढे काय बोलेल, कसा हसेल, याचा अंदाज तुमच्या घरातच बांधते. मग तारेतून सगळं चित्र पाठवायची गरजच काय? अंदाज आणि प्रत्यक्ष यांत जेवढा फरक, तेवढाच पाठवायचा. मर्यादा आहे ती या फरकावर.”

“म्हणजे नवीन काही बोललं, तरच माप चढणार,” रझिया म्हणाल्या.

“अगदी बरोबर. माझंच उदाहरण घ्या. माझे बाबा चिपळूणला एकटे असतात. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. आम्ही रोज संध्याकाळी बोलतो.” तिने स्वतःच्या घराचं माप पडद्यावर घेतलं. हिरवी पट्टी जेमतेम दिसत होती. “हे माझं वर्षभराचं पाठवणं. मर्यादेच्या एक टक्कासुद्धा नाही.”

“वर्षभरात वडिलांना नवीन काहीच सांगितलं नाहीत?” रझियांनी चष्मा खाली केला. “अहो, मग फोन करायचे कष्ट तरी कशाला घेतले? पेटीच बोलली असती की!”

सभागृहात हशा पिकला. ओवीही हसली.

“मॅडम, आईवडिलांशी आपण बोलतो काय? जेवलीस का? हो. काय केलं होतंस? पोळीभाजी. तुमची तब्येत? मी मजेत. बरं, काळजी घ्या. याला कुठली आलीय मर्यादा?”

“आणि एखाद्याची मर्यादा संपलीच तर? जास्तीची विकत घेता येते?”

“नाही. श्रीमंताला आणि गरिबाला सारखीच, हे परिषदेचंच धोरण आहे. पण फोन तुटत नाही. फरक येणं थांबलं की समोरची पेटी निव्वळ अंदाजावर संभाषण पुढे चालू ठेवते.”

“समोरच्याला ते कळतं?”

“कोपऱ्यात पिवळा ठिपका येतो. लोकांना त्याचा त्रास व्हायला लागला, म्हणून तो बंद करायची सोय ठेवली आहे.”

“तुम्ही बंद केलाय?”

“सगळेच करतात.”

रझियांनी मान डोलावली. “तुमचं माप पाहिलं. आता वडिलांचंही दाखवा. बोलायला दोघं लागतात ना?”

बाबांचं खातं ओवीनेच उघडून दिलं होतं. तिने ते पडद्यावर घेतलं. त्यांची पट्टी काठोकाठ लाल होती. महिना अर्धाही झाला नव्हता. तिने मागचा महिना काढला, त्याच्या मागचा काढला. उन्हाळ्यापर्यंत बाबांची पट्टी तिच्यासारखीच रिकामी होती. त्यानंतर प्रत्येक महिन्यात ती आदल्या महिन्यापेक्षा लवकर भरली होती.

“मिशा काढल्या असतील,” कोणीतरी मागून म्हणालं.

“नाही,” ओवी म्हणाली. सवयीने ती समजावून सांगू लागली. “तसा बदल पेटी दोन-तीन दिवसांत शिकते. इथे फरक वाढतच गेलाय. म्हणजे माणूस रोज आदल्या दिवसापेक्षा वेगळा वागतोय. हालचाल बदलली तर असं होतं. बोलण्याचा वेग बदलला, शब्द अडखळू लागले, तर...”

तिने पुन्हा त्या लाल पट्टीकडे पाहिलं.

“आणि हे नवं वागणं पेटी शिकत का नाही?” रझियांनी विचारलं. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

“शिकायला फरक यावा लागतो. महिन्याच्या सुरुवातीला थोडा येतो, पण तो पुरत नाही; मर्यादा संपली की तोही येत नाही. माझी पेटी जुन्याच बाबांवर चालते आहे.” तिने पेटीवर हात ठेवला. “अध्यक्षमहोदय, मला पाच मिनिटं हवी आहेत.”

बाहेरच्या मोकळ्या व्हरांड्यात तिने घरच्या पेटीला जोडलेल्या मोबाइलवरून फोन लावला. बाबा लगेच दिसले. कपाळावर सरकवलेला चष्मा, तेच हसू.

“आज एवढ्या लवकर? जेवलीस का?”

“बाबा, उजवा हात वर करा बघू.”

“पोलिसात गेलीस की काय गं?” ते हसले आणि त्यांनी हात झटकन वर केला. ताठ, स्थिर. बाबांनी जसा केला असता अगदी तसा.

ओवी त्या हाताकडे बघत राहिली. कदाचित उन्हाळ्यापासून, दर महिन्याची मर्यादा संपल्यावर, ते सांगत असतील. हातातून कप निसटतो गं. आज शब्दच सापडत नव्हता. जरा भीती वाटते. आणि तिने त्यावर काय म्हटलं होतं ते तिला नीट आठवत होतं. बरं. काळजी घ्या. हे उत्तर कशालाही चालतं. म्हणूनच त्यांनाही कधी संशय आला नसेल. लेकीने ऐकलं आणि एवढंच म्हणाली, असं त्यांनी धरलं असेल.

शेजारी कोणाला विचारावं, तर बाबांच्या शेजारी आता कोण राहतं हे तिला ठाऊक नव्हतं. महिना संपेपर्यंत तिकडून काहीच येणार नव्हतं. पण तिच्या स्वतःच्या घरची मर्यादा तशीच पडून होती.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही जे सांगत होतात ते माझ्यापर्यंत पोचलं नाही. माझंच चुकलं. मी आत्ता निघतेय चिपळूणला. उद्या पोचते. दार आतून लावून ठेवू नका. आणि बाबा, मलाही इथे फार एकटं वाटतं. तुम्हाला कधी सांगितलं नाही.”

पडद्यावरचे बाबा हसले. “कामं टाकून कशाला येतेस? मी मजेत आहे.”

खाली कोपऱ्यात तिची हिरवी पट्टी वर चढत होती. म्हणजे चिपळूणच्या पेटीला यातलं काहीच आधी सुचलं नव्हतं. बाबा हे आत्ता पहिल्यांदा ऐकत होते.

त्यावर ते काय म्हणाले असतील, याचा अंदाज तिला करता येईना. पडद्यावरच्या बाबांनी चष्मा नाकावर घेतला आणि विचारलं, “भाजी कसली केली होतीस?”