डावीकडून तिसरा

लष्कराच्या साप्ताहिकात फोटो मीच काढते आणि बातम्याही मीच लिहिते. कामं दोन, पगार एक.

सीमेवरची एक तुकडी बेपत्ता झाली, तेव्हा संपादकांनी मी काढलेला तिचा शेवटचा ग्रुप फोटो पुढे केला. "घरच्यांना दाखव, कोण कुठला ते विचारून घे. नावं चुकली तर शिव्या आपल्यालाच."

उजव्या टोकाला माझा धाकटा भाऊ उभा होता, बारक्या. बातमी आल्यापासून आईने अन्न सोडलं होतं. मी मात्र दोन्ही वेळा जेवत होते. मला काहीच वाटत नव्हतं, आणि त्याची लाज वाटायची.

पहिल्या घरी, माझाही भाऊ यात आहे, असं मी सांगितलं. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी हात पुसले, फोटो खिडकीपाशी नेला आणि डावीकडून तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"हा आमचा. नेमके डोळे मिटलेत मेल्यानं."

दुसऱ्या घरी निवृत्त मास्तरांनी चष्मा बदलला. बोट त्याच चेहऱ्यावर.

"सर, जरा नीट बघता का?"

"पोटचं पोर ओळखायला नीट बघावं लागतं होय?" ते शांतपणे म्हणाले.

तिसऱ्या घरातल्या तरुण बायकोने फोटो हातात घेतला. त्याच चेहऱ्यावरून अंगठा फिरवत बसली.

फोटो काढताना हा माणूस तिथे होता का, ते मला आठवेना. पण एवढ्या जणांत कोण लक्षात ठेवतं? दुःखात माणसाचं भान सुटतं, असं मी मनाला समजावलं. आमच्या आईचं तसं होणार नव्हतं. तिला बारक्याची नुसती पावलं वाजली तरी कळायचं.

मी फोटो तिच्यापुढे धरला.

"किती वाळलाय गं," ती म्हणाली. बोट डावीकडून तिसऱ्यावर.

"आई, बारक्या इकडे. कडेला."

तिने कडेच्या मुलाकडे पाहिलं.

"हा कोण?"

मीही पाहिलं. मला खात्रीने सांगता येईना.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात डावीकडून तिसरा उभा होता.

"ताई, सरक ना," तो म्हणाला. आवाज बारक्याचा होता.

मी सरकले.

आईने त्याला वाढलं. मग कित्येक दिवसांनी स्वतःचंही ताट घेतलं.

तेवढ्यात फोन आला. शिवणकाम करणाऱ्या बाई. मागे भांडी वाजत होती.

"पोरगा आलाय हो. आत्ताच जेवायला बसलाय. तुमचा भाऊ आला का?"

मी आईकडे पाहिलं. ती घास चावत होती.

"आला," मी म्हणाले.