पहिलं प्रकरण गायब

"माझ्या नजरेतून आजवर काहीही सुटलेलं नाही!" गुप्तहेरसाहेबांनी जाहीर केलं आणि ‘ओढा’ असं लिहिलेलं दार तिसऱ्यांदा ढकललं.

कंपाउंडरने ते मुकाट्याने ओढलं. दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर वही घेऊन साहेबांच्या मागे हिंडण्याची दुर्बुद्धी आपल्याला का झाली, हे कोडं त्याला अजून सुटलं नव्हतं.

आत पाळकसाहेब डोकं धरून बसले होते. चर्चने उभारलेल्या या वृद्धनिवासाला साठ वर्षं होत होती. सहा महिने खपून त्यांनी त्याचा इतिहास लिहिला, आणि आज सकाळी चहा घेऊन येईपर्यंत टेबलावरून पहिलं प्रकरण नाहीसं!

"हाताने लिहिलेली एकच प्रत. कोणाला दाखवलीही नव्हती. बारा वाजता छापखान्याचा माणूस येतोय हो!"

"चहानंतर काय झालं?"

"प्रार्थना. गीताला सगळे उभे राहिले, आक्का तेवढ्या बसून होत्या. वय झालं, दुसरं काय. काल मात्र दोन जिने चढल्या, धाप मला लागली."

कंपाउंडरने यातलं काहीच टिपलं नाही. वहीत घेण्यासारखं होतंच काय?

प्रार्थनेच्या हॉलमध्ये तिघं बसली होती. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई उसळल्या, "चोरायचंच असतं तर प्रवचन चोरलं असतं. सगळ्यांचीच सुटका!"

निवृत्त मास्तर म्हणाले, "मी लाल शाईने सुधारून जागेवर ठेवलं असतं."

खिडकीपाशी आक्का. निवासाची पहिली स्वयंपाकीण, आता इथेच राहणारी. "चला, कोणी विचारलं तरी! सतरा पानं खरडली, पण पहिल्या दिवशी चूल कोणी पेटवली, त्याची एक ओळ नाही."

साहेब छताकडे बघत राहिले. साडेअकरा झाले. पावणेबारा झाले.

"साहेब, वर काही लिहिलंय का?" कंपाउंडर करवादला.

"नाही. तुमच्या वहीत लिहिलंय. प्रकरण कोणी पाहिलंच नव्हतं, मग पानं सतरा हे आक्कांना कसं कळलं? आणि काल जिने चढणाऱ्या आक्का आज गीताला का उठल्या नाहीत? उठल्या असत्या, तर खुर्चीवरची सतरा पानं सगळ्यांना दिसली असती."

कंपाउंडरने वही उघडली. ‘सतरा’. त्याच्याच अक्षरात. त्याने चिडून त्याखाली रेघ मारली.

"आक्का, तुम्ही?" पाळकसाहेब पुटपुटले.

"त्या दिवशी इथे होतो, त्यांतली मी एकटी उरलेय. सहा महिने तुम्ही जुनी कपाटं उपसलीत, पाळकसाहेब. मी रोज समोर. एकदा तरी विचारलंत? म्हटलं, हरवलेलं शोधायला तरी माझ्यापर्यंत याल."

पाळकसाहेबांनी खुर्ची ओढली, पेनाचं टोपण काढलं. "छापखाना थांबेल. सांगा, काय झालं पहिल्या दिवशी?"

आक्कांनी डोळे टिपले. सगळे पुढे सरकले.

"सांगते. पण आधी मला कोणीतरी हात द्या. सकाळपासून बसून पायांना मुंग्या आल्यात."